फुकट दिलेला निबंध कोणाचा?

सुरतेच्या एखाद्या कला महाविद्यालयात शिकणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. घर लिंबायतला, घरातली बोली खानदेशी, वर्गात गुजराती आणि इंग्रजी. नर्मदच्या आत्मचरित्रावर आणि बहिणाबाईंच्या गाण्यांवर तिने मन लावून निबंध लिहिले. मागून येणाऱ्या मुलांना उपयोग होईल म्हणून त्यांची पीडीएफ केली, ड्राइव्हवर ठेवली आणि दुवा सगळ्यांना देऊन टाकला. वर एक ओळ लिहिली, ‘फुकट आहे, खुशाल घ्या.’

दोन वर्षांत तीन गोष्टी घडतात. झेरॉक्सच्या दुकानात तेच निबंध, पण तिचे नाव काढून, स्पायरल घालून विकायला येतात. एका निबंधाचे गुजराती भाषांतर कोणीतरी स्वतःच्या नावावर खपवतो. पुढे एम.ए.च्या प्रबंधात ती आपलाच जुना मजकूर घेते, तर संगणक सत्तर टक्के साम्य दाखवतो आणि मार्गदर्शक बाई तिलाच विचारतात, ‘हे कुठून उचललंस?’

मुलगी कल्पित आहे, पण हे तिन्ही प्रसंग कुठल्याही विद्यापीठाच्या गावात घडू शकतात. ते ऐकून बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य येते, ‘फुकट दिलं ना, मग आता काय बोलायचं?’ हे वाक्य चुकीचे आहे. फुकट देणे म्हणजे किंमत न घेणे. मालकी सोडणे हा पूर्ण वेगळा व्यवहार आहे आणि तो असा आपोआप होत नाही.

नर्मदही कॉलेजातच होता

या शहराला हा विषय नवा नाही. ज्याच्या नावाने इथले वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ ओळखले जाते, तो नर्मदाशंकर लालशंकर दवे १८३३ साली सुरतेत जन्मला आणि शिकायला मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गेला. विद्यार्थिदशेतच, सतरा-अठरा वर्षांच्या वयात, त्याने तरुणांच्या सभेपुढे एक निबंध मांडला. विषय होता, माणसांनी मंडळी स्थापून एकत्र आल्याने काय लाभ होतो. गुजराती गद्यातला पहिला निबंध म्हणून त्याचा मान आहे. तो विकण्यासाठी लिहिलेला नव्हता. ऐकायला येईल त्याला तो मिळत होता.

मराठी वाचकाला इथे दादोबा पांडुरंग आठवायला हरकत नाही. १८३६ साली मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा पुढे सुरतेत इंग्रजी शाळेत शिकवत होते आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर तिथल्या मानवधर्म सभेत त्यांचा पुढाकार होता. सभेत वाचायचे, वाद घालायचे, मग छापायचे, ही वहिवाट नर्मद वयात येण्याआधीच सुरतेत रुजली होती.

याच नर्मदने १८६६ साली आत्मचरित्र लिहिले तेव्हा मात्र उलट केले. मोजक्याच प्रती छापल्या, त्या जवळच्यांना दिल्या आणि बाकी जगाला आपण गेल्यावर वाचू द्यायचे ठरवले. ‘मारी हकीकत’ सर्वांसाठी प्रसिद्ध झाले ते १९३३ साली, त्याच्या मृत्यूनंतर सत्तेचाळीस वर्षांनी. एक लेखन सर्वांना, दुसरे चौघांना. कधी, कोणाला आणि किती द्यायचे हे लेखकाने ठरवायचे असते, आणि कॉपीराइटच्या गाभ्याशी हाच अधिकार आहे. पैसा त्यातून पुढे निघणारी एक शक्यता आहे. तो मिळवलाच पाहिजे असे नाही.

लेखणी टेकली की हक्क आला

नर्मदच्या काळी कंपनी सरकारचा १८४७ चा कायदा लागू होता. लेखकाचे आयुष्य आणि वर सात वर्षे, निदान एकूण बेचाळीस, अशी मुदत होती आणि कोर्टात जायचे तर आधी पुस्तकाची नोंद करावी लागे. नोंदणीची ती समजूत लोकांच्या डोक्यात अजून घट्ट बसलेली आहे. ‘रजिस्टर कुठे केलंय?’ हा प्रश्न आजही हमखास येतो.

आज लागू आहे तो १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्याप्रमाणे नोंदणीची सक्ती नाही. निबंध वहीत उतरला किंवा मोबाइलमध्ये टाइप झाला त्या क्षणी हक्क तयार होतो. © ही खूण, शिक्का किंवा नोटरी यांतले काहीही लागत नाही. कॉपीराइट कार्यालयात नोंद करता येते, साहित्यकृतीसाठी शुल्क पाचशे रुपये आहे आणि वाद झाल्यास ती नोंद पुरावा म्हणून कामाला येते. पण नोंदीने हक्क जन्माला येत नाही, असलेल्या हक्काला कागद मिळतो इतकेच.

हक्क मिळतो तो शब्दांच्या मांडणीला. विचार कोणाच्याच मालकीचा होत नाही. बहिणाबाईंच्या गाण्यांत शेतीची कामे तत्त्वज्ञान सांगायला येतात, हा मुद्दा आपल्या मुलीने मांडला म्हणून दुसऱ्या कोणाला तो मांडायची बंदी होत नाही. त्याने तो स्वतःच्या वाक्यांत, स्वतःच्या क्रमाने मांडावा. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात हाच भेद स्पष्ट केला. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘नई दिल्ली’ हा चित्रपट उचलला, अशी नाटककाराची तक्रार होती. न्यायालयाने सांगितले की प्रांताप्रांतांतल्या माणसांचे एकमेकांविषयीचे पूर्वग्रह हा विषय कोणालाही घेता येतो. मांडणीत ठळक, भरीव साम्य असेल तरच ती नक्कल.

मग निबंध कोणाचा? कॉलेजचा का? नाही. नोकरीत असताना मालकासाठी केलेल्या लेखनावर साधारणपणे मालकाचा हक्क असतो, पण विद्यार्थी कॉलेजचा नोकर नसतो. उत्तरपत्रिकेचा कागद विद्यापीठाचा असेल, तरी शब्द लिहिणाऱ्याचे. पत्राचेही तसेच आहे. आलेले पत्र तुमच्या कपाटात आयुष्यभर ठेवा, पण छापायचे असेल तर लिहिणाऱ्याला विचारावे लागते. आपल्याकडे थोरांच्या पत्रसंग्रहांवरून घराघरांत भांडणे होतात ती बहुधा हा भेद ठाऊक नसल्यामुळे.

एक धोका मात्र खरा आहे. निबंधस्पर्धेच्या किंवा एखाद्या नियतकालिकाच्या अर्जात तळाशी बारीक अक्षरात ‘सर्व हक्क संस्थेकडे’ असे असते आणि मुले न वाचता सही ठोकतात. हक्काचे असे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. म्हणून सहीआधी या दोन जागा पाहाव्यात.

आणि सगळे हक्क विकले तरी एक उरतोच. हे लेखन माझे आहे असे सांगण्याचा, आणि माझी अब्रू जाईल अशी त्याची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा. कायद्याच्या कलम ५७ मध्ये तो आहे. हिंदी लेखिका मन्नू भंडारींनी आपल्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली ती याच कलमावर. चित्रपटाचे हक्क त्यांनी रीतसर दिलेले होते, तरीही न्यायालयाने त्यांचे म्हणणे उचलून धरले. तेव्हा झेरॉक्सवाल्याने मुलीचे नाव खोडणे हा विक्रीपेक्षा वेगळा, दुसरा गुन्हा समजावा. माझ्या लेखी तोच अधिक हलकट.

‘खुशाल घ्या’ म्हणजे नेमके काय घ्या?

मुलीने वर लिहिलेली ओळ दिलदार आहे, पण मोघम आहे. वाचायला घ्या, की छापायला? भाषांतर चालेल? विकले तर? तिने सांगितले नाही, म्हणून घेणाऱ्याने सोयीचा अर्थ लावला. अशा मोघम परवानगीचा फायदा लबाडाला होतो आणि तोटा सज्जनाला, कारण भला माणूस शंका आली की वापरतच नाही.

देण्याची भाषा नेमकी करता येते. गांधीजींनी ‘हिंद स्वराज’चे इंग्रजी पुस्तक १९१० साली दक्षिण आफ्रिकेत छापले तेव्हा ‘कोणतेही हक्क राखलेले नाहीत’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ त्यावर घातली. एका ओळीत सगळे मोकळे. पुढे त्यांच्या लेखनाची मोडतोड होऊ लागली तेव्हा त्यांनाही हक्क राखणे पत्करावे लागले आणि ते नवजीवन ट्रस्टकडे गेले. त्यांची मुदत २००८ च्या अखेरीस संपली. पूर्ण मोकळे आणि पूर्ण बंद यांच्या मधल्या पायऱ्या त्या काळी कोणी आखून ठेवल्या नव्हत्या.

त्या पायऱ्या २००२ च्या डिसेंबरात आल्या. अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे तयार परवाने प्रसिद्ध केले. वकील न गाठता कोणीही ते आपल्या लेखनाला लावू शकतो. यात कॉपीराइट सोडलेला नसतो. मालक मालकच राहतो आणि काही अटींवर सर्वांना आधीच परवानगी देऊन ठेवतो. अटी चारच आहेत: श्रेय द्या, नवी आवृत्ती कराल तर तीही याच अटींवर वाटा, धंद्यासाठी वापरू नका, बदल करू नका. श्रेयाची अट कायम असते, बाकीच्या जुळणीतून एकूण सहा परवाने होतात. विकिपीडियाचा मजकूर २००९ पासून ‘श्रेय द्या आणि याच अटींवर वाटा’ या परवान्याखाली आहे, त्याला सीसी बाय-एसए म्हणतात. मराठी विकिपीडियातला परिच्छेद उचलून खाली ‘सर्व हक्क राखीव’ लिहिणारे विद्यार्थी आणि, खेदाने म्हणावे लागते, प्राध्यापकही हा परवाना मोडत असतात.

कोणता निवडावा? बहुतेक मुले ‘धंदा नको’ची अट पहिली लावतात. झेरॉक्सवाल्याचा राग असतो, समजण्यासारखे आहे. पण मला ती अट अडचणीची वाटते. फी घेणाऱ्या शिकवणीतल्या शिक्षकाने निबंध वाटला तर तो धंदा झाला का? छोट्या प्रकाशकाने ना नफा संग्रह काढला तर? दर वेळी वाद. त्यापेक्षा ‘याच अटींवर वाटा’ ही अट चिवट आहे. दुकानदाराने स्पायरल विकावे, पण नाव ठेवावे लागते आणि घेणाऱ्याने पुढे फुकट वाटले तर त्याला अडवता येत नाही. फुकट मिळणारी वस्तू महाग विकण्यात मग फारसे काही उरत नाही. गुजराती भाषांतर करणाऱ्यालाही मूळ लेखिकेचे नाव देऊन आपले भाषांतर मोकळे ठेवावे लागते. अट मोडली की परवाना तिथेच संपतो आणि उरतो तो साधा कॉपीराइटभंग. चूक कळल्यापासून तीस दिवसांत सुधारली तर तो पुन्हा जिवंत होतो, अशी सोय चालू आवृत्तीत आहे.

मात्र एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. उद्या त्याच निबंधांचे पुस्तक निघाले तरी आधी मोकळ्या केलेल्या प्रती मोकळ्याच राहतील. देण्याआधी एक रात्र विचार करावा.

ज्यांना खरोखरच सगळे सोडायचे आहे त्यांच्यासाठी आपल्या कायद्यात कलम २१ आहे. कॉपीराइट निबंधकाला कळवून, किंवा २०१२ च्या दुरुस्तीनंतर नुसत्या जाहीर सूचनेनेही, लेखक आपला हक्क सोडू शकतो. म्हणजे हक्क सोडायलासुद्धा तसे उघडपणे सांगावे लागते.

> चौकट: निबंधाच्या पहिल्या पानावर
>
> लेखिकेचे नाव आणि लेखनाची तारीख.
>
> परवान्याचे पूर्ण नाव आणि आवृत्ती. उदाहरणार्थ, ‘क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेय व समवाटप, ४.० आंतरराष्ट्रीय’. नुसते ‘फ्री’ लिहून भागत नाही.
>
> श्रेय कसे द्यावे याचा नमुना, एका ओळीत.
>
> अवतरणे ज्यांची आहेत त्यांची नावे, आणि ती या परवान्यात येत नाहीत हे वाक्य.
>
> हाच मजकूर परीक्षेसाठी किंवा अन्यत्र आधी दिला असेल तर तसा उल्लेख.

आपण घेतलेल्या ओळींचे काय?

साहित्यावरचा निबंध म्हटला की दुसऱ्याच्या ओळी येणारच. समीक्षेसाठी किंवा परीक्षणासाठी रास्त प्रमाणात घेतलेल्या ओळींना कायद्याची परवानगी आहे. ‘रास्त’ म्हणजे किती शब्द हे कायदा सांगत नाही, आणि ते बरेच आहे. मुद्दा पटवायला जेवढे लागते तेवढे घ्यावे. चार कडव्यांवर बोलायचे असेल तर चार घ्या. अख्खा संग्रह परिशिष्टात जोडला तर त्याला समीक्षा म्हणत नाहीत.

जुन्या लेखकांचे काम सोपे असते. लेखक गेला त्या वर्षानंतर साठ वर्षे हक्क टिकतो, मग लेखन सर्वांचे होते. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, त्यांची मुदत १९९१ अखेर संपत होती आणि त्या वेळी ती दहा वर्षांनी वाढवली गेली. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून मोकळे आहे. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्यासाठी २०६० उजाडावे लागेल.

बहिणाबाईंचे प्रकरण मात्र फसवे आहे. जळगावकडची ही कवयित्री १९५१ च्या डिसेंबरात गेली. साधा हिशोब केला तर २०१२ पासून गाणी मोकळी. पण त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ साली, मुलगा सोपानदेव चौधरी यांच्या खटपटीने. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. म्हणून मोकळीक एक वर्षाने पुढे जाते, २०१३ वर. आज दोन्ही तारखा मागे पडल्या आहेत, पण एखाद्या लेखकाची वही नातवाला माळ्यावर सापडते आणि छापली जाते तेव्हा हाच नियम फार महत्त्वाचा ठरतो. शिवाय मूळ गाणी मोकळी झाली तरी एखाद्या आवृत्तीला कोणी नव्याने जोडलेली प्रस्तावना आणि टिपा मोकळ्या झालेल्या नसतात.

वर्गातल्या वापराला वेगळी सूट आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रती कॉपीराइटभंग ठरत नाहीत. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानावर बड्या प्रकाशकांनी दावा लावला होता, तो २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयात या कलमापुढे टिकला नाही. आपल्या मुलीचे निबंध तिच्या सरांनी अभ्यासासाठी वर्गात वाटले तर तिला तक्रार करता येणार नाही. गाइड म्हणून बाजारात विकणे त्या सवलतीत बसत नाही.

संगणक काय पाहतो?

आता तिसरा आणि सगळ्यांत चमत्कारिक प्रसंग. स्वतःचाच मजकूर, आणि चोर तीच.

साम्य शोधणारी प्रणाली निबंध वाचत नाही. रिंग रोडच्या कापडबाजारातला जुना व्यापारी तागा न उलगडता हातभर कातरणीवरून छापा कोणाचा ते ओळखतो, तशी ती लहान तुकड्यांवर काम करते. मजकुराच्या ठरावीक शब्दांच्या पट्ट्या पाडायच्या, एक शब्द पुढे सरकत. ‘नर्मदने आपल्या आयुष्यातले दोष वाचकांपासून झाकून ठेवले नाहीत’ या आठ शब्दांच्या वाक्यातून चार-चार शब्दांच्या पाच पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टीचे गणिताने एका संख्येत रूपांतर होते. तीच पट्टी जगात कुठेही असली तरी संख्या तीच येते. मग या संख्या साठवलेल्या कोट्यवधी संख्यांशी जुळवायच्या. शब्दांपेक्षा संख्या जुळवणे फार वेगवान असते.

शब्द बदलून चकवता येते, असे मुलांना वाटते. हिशोब करून पाहा. शंभर शब्दांच्या परिच्छेदात चार शब्दांच्या ९७ पट्ट्या होतात. दर दहावा शब्द बदलला तर ३७ पट्ट्या बिघडतात आणि ६० तशाच जुळतात. म्हणजे एवढी मेहनत करूनही साठ टक्क्यांवर साम्य उरते.

भाषांतराला मात्र ही रीत सहसा फसते. मराठीचे गुजराती केले की एकही पट्टी जुळत नाही, म्हणून नाव बदललेले ते भाषांतर यंत्राच्या नजरेतून सुटले. कायद्यातून सुटलेले नाही, भाषांतराचा हक्क मूळ लेखिकेचाच असतो. जुन्या फॉन्टचीही पळवाट आहे. श्रीलिपीसारख्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत साठवलेली अक्षरे रोमन असतात. यंत्राला तिथे मराठी दिसतच नाही.

यंत्राला आणखी एक गोष्ट कळत नाही: आधी कोण. ते फक्त ‘इथे आणि तिथे सारखे आहे’ एवढे सांगते. चोरी आहे का, ते माणसाने ठरवायचे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधासाठी टप्पे आहेत. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. दहा ते चाळीसमध्ये ठरावीक मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, सुधारून देणे. चाळीस ते साठमध्ये एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. साठच्या वर नोंदणी रद्द. रीतसर श्रेय दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची यांतून वगळतात, तसेच सामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही.

आणि स्वतःचे जुने लेखन? २०२० साली आयोगाने सूचना काढून सांगितले की आपलाच प्रसिद्ध मजकूर उल्लेख न करता नवा म्हणून देणे हेही मान्य नाही. हे ऐकून आपल्या मुलीला संताप येणे साहजिक आहे. माझीच वाक्ये, मीच चोर? पण इथे तिच्या मालकीवर कोणी शंका घेतलेली नाही. प्रबंध म्हणजे ‘हे मी या पदवीसाठी नव्याने केले’ अशी ग्वाही असते आणि आक्षेप त्या ग्वाहीवर आहे. उपाय एका तळटीपेचा आहे: हा भाग माझ्या अमुक निबंधातून, तारीख अमुक. तारीख असलेली पहिली पीडीएफ मार्गदर्शकांना दाखवली की आधी कोण हा प्रश्नही मिटतो.

नाव खोडलेली प्रत सापडली तर

नाव काढलेली प्रत एखाद्या संकेतस्थळावर असेल तर कोर्टाच्या आधी एक पायरी आहे. ते स्थळ चालवणाऱ्याला लेखी तक्रार द्यायची. कोणते लेखन, हक्क आपला कसा, आणि नेमकी प्रत कुठे, हे तीन तपशील त्यात हवेत. तक्रार पटण्याजोगी असेल तर २०१३ च्या नियमांप्रमाणे छत्तीस तासांत ती प्रत बंद करावी लागते आणि एकवीस दिवस बंद ठेवावी लागते. तेवढ्या दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून दिला नाही तर ती पुन्हा सुरू करायला ते मोकळे असतात. झेरॉक्सच्या दुकानाला ही सोय लागू नाही. तिथे आधी तारखेसकट पहिली प्रत आणि परवान्याचे पान दाखवायचे, मग वकिलाची नोटीस. जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे, हे त्या नोटिशीत लिहिलेले असले की गठ्ठे बहुधा काउंटरवरून आत जातात.